थँक्सगिव्हिंग, हा अमेरिकेतला आभार मानायचा सण, आपण साजरा करावा का?

जर्सीकर: लेक पहिलीत आहे. काल शाळेतून कागदी पिसांचा मुकुट घालून आली. म्हणे, "आई, पिलग्रिम लोकांनी इंडियनांना जेवायला बोलावलं, म्हणून सुट्टी!" मला ते फार लागलं. पिलग्रिम म्हणजे इंग्लंडहून मेफ्लॉवर जहाजानं आलेले वसाहतकार, आणि इंडियन म्हणजे इथले मूलनिवासी. 1621 साली पिलग्रिमांच्या प्लिमथ वस्तीत जेवण झालं, खरंय. पण आदल्या हिवाळ्यात मेफ्लॉवरमधली जवळजवळ निम्मी माणसं दगावली होती. उरलेल्यांना मका पेरायला शिकवला टिस्क्वांटम नावाच्या मूलनिवाशानं. त्याला 1614 मध्ये एका इंग्रजानंच पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं. परतला तेव्हा त्याचं पटक्सेट गाव रोगराईनं ओस पडलं होतं, आणि प्लिमथ वसलं ते त्याच जागेवर. हे गाळून आभार कसले मानायचे? यंदा आमच्याकडे हा सण नाही.

घारगेवाली: अजिबात पटलं नाही. राष्ट्रीय सुट्टी 1621 ची नाहीच! सारा हेल या संपादिकेनं वर्षानुवर्षं पत्रं लिहून पाठपुरावा केला, तेव्हा 1863 मध्ये, यादवी युद्ध पेटलेलं असताना, लिंकननं नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. (चौथा गुरुवार 1941 च्या कायद्यानं.) त्या जाहीरनाम्यात पिलग्रिमांचं नावही नाही, विधवा आणि अनाथांची आठवण आहे. आम्ही टर्की आणत नाही. लाल भोपळा किसून गुळात शिजवायचा, मावेल तेवढीच कणीक घालून घारगे. जोडीला मोहरी-मेथीच्या फोडणीचं क्रॅनबेरीचं लोणचं. सुट्टीत घरी जाऊ न शकणारी आपली विद्यार्थी मुलं जेवायला येतात. हे बंद करू?

जर्सीकर: जाहीरनाम्यात नसेल, पण मुकुट माझ्या मुलीच्या डोक्यावर आहे ना! त्या जेवणाला आलेल्या मासासोइटच्या, म्हणजे वाम्पानोग या मूलनिवासी जमातीच्या प्रमुखाच्या, मुलाचं, मेटाकॉमचं, मुंडकं 1676 मध्ये त्याच प्लिमथला भाल्यावर टांगलं. 1970 पासून मूलनिवासी तिथे याच दिवशी शोकदिन पाळतात.

कोरडवाहू: विदर्भातून लिहितोय. पोळ्याला आमच्याकडे पहिली पुरणपोळी बैलाला, मग घरच्यांना. माणसांची तुलना बैलाशी करत नाही, रीत सांगतोय: ज्याच्या जिवावर पिकलं, त्याचा मान आधी. त्या जेवणाला वाम्पानोग सुमारे नव्वद जण होते, पाच हरणं त्यांनीच मारून आणली. मग यजमान कोण? जर्सीकरताईंचं बरोबर आहे.

घारगेवाली: हरणांचं मला ठाऊक नव्हतं. शाळेला पत्र लिहा, पहिली सही माझी. पण गुरुवारी आठ मुलं जेवायला येणार आहेत, भोपळा आणून ठेवलाय. सण मी सोडणार नाही.