जुन्या रेडिओग्रॅमच्या कॅबिनेटमध्ये होम थिएटरचा संगणक बसवायचाय, पण आवाज नको. हवेची वाट कशी काढावी?

पिंपळपान

नमस्कार मंडळी. सगळं सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही, म्हणून जरा लांबण लावते.

आजोबांचा एक रेडिओग्रॅम, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेयर एकत्र असलेलं कपाट, आमच्याकडे आहे. आतला व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) रेडिओ आणि रेकॉर्ड चेंजर (रेकॉर्डी आपोआप बदलणारा प्लेयर) मला कळू लागायच्या आधीच कुणीतरी काढून नेले. उरलंय ते सागवानी कॅबिनेट: चार निमुळते पाय, पुढे दोन झडपा आणि मागे भोकाभोकांचा हार्डबोर्ड. डावा कप्पा रेकॉर्डी उभ्या ठेवायचा. तो आतून ४६ सेंमी रुंद, ४० उंच आणि ३८ खोल आहे. टीव्ही याच कॅबिनेटवर ठेवलाय, त्यामुळे संगणक आणि ॲम्प्लिफायर दोन्ही या कप्प्यात गेले की समोर एकही वायर दिसणार नाही.

आवाज इतका का टोचतो ते सांगते. बाबा श्रवणयंत्र लावतात आणि रात्री जुने सिनेमे बघतात. आपल्याला पंख्याची घरघर थोड्या वेळाने ऐकू येईनाशी होते, पण त्यांच्या कानात ती संवादांच्या वर चढून बसते. मग ते आवाज वाढवतात, आणि पार्श्वसंगीत आलं की दचकून पुन्हा कमी करतात. दोन तासांच्या सिनेमात दहा वेळा तरी हे होतं.

गेल्या आठवड्यात घरातला जुना संगणक (चौथ्या पिढीचा इंटेल आय-५, ८० मिमी पंख्याचा पॉवर सप्लाय, ३.५ इंची हार्ड डिस्क) नुसता आत ठेवून पाहिला. झडप उघडी असताना प्रोसेसर ६१ अंशांवर होता. झडप लावून दीड तास सिनेमा चालवला तर ८९, आणि पंखे जे भणभणायला लागले ते संगणक बंद करेपर्यंत थांबले नाहीत. शिवाय एक 'हूं' असा खालचा सूर येतो. तो संगणकातून नाही, लाकडातूनच येतोय असं वाटतं.

कॅबिनेटचा पुढचा भाग कापायचा नाही. बाकी काहीही करायची तयारी आहे.

खर्ज

आधी उष्णता मोजा, पंख्याचं नंतर बघू. प्लगला लावायचा वॅटमीटर मिळाला तर संगणक आणि ॲम्प्लिफायर सिनेमा चालू असताना वेगवेगळे किती वॅट घेतात ते पाहा. ती जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच कप्प्यात राहते. १८ मिमी लाकडातून ती बाहेर जाईल अशी आशा नको, लाकूड उष्णतेच्या बाबतीत गोधडीसारखं वागतं. ती हवेनेच वाहून न्यावी लागते.

हिशेब सोपा आहे. वॅटना ३ ने गुणा आणि कप्प्यातली हवा खोलीपेक्षा जितके अंश जास्त तापलेली चालेल त्या आकड्याने भागा. उत्तर येतं ताशी घनमीटर हवेत. १०० वॅट आणि १० अंश धरले तर ताशी ३० घनमीटर. मोठा पंखा अगदी रमत गमत फिरला तरी एवढी हवा देतो. म्हणजे तुमच्याकडे पंखा कमी पडत नाहीये, हवेला यायला-जायला वाटच नाही. तीच गरम हवा पंखे पुन्हा पुन्हा गिळतात.

आणखी एक विचारतो. तुमच्या फायली एचईव्हीसी १०-बिट (व्हिडिओ दाबून साठवायचा एक नवा प्रकार) आहेत का? तो प्रकार चौथ्या पिढीच्या चिपमधलं व्हिडिओ सर्किट उलगडू शकत नाही, मग सगळा भार प्रोसेसरवर येतो. इंटेलमध्ये ते पूर्णपणे हार्डवेअरमध्ये आलं सातव्या पिढीपासून.

रंधा

पिंपळपान ताई, पुढचा भाग कापायचा नाही म्हणालात, ते ऐकून बरं वाटलं. तशी गरजही नाही. तुमचं कॅबिनेट पायांवर उभं आहे ना? मग हवा तळातून घ्या. तळफळीत मागच्या कडेपासून चार बोटं सोडून ४० × ६ सेंमीची खाच काढा. जमिनीवर लोळून पाहिल्याशिवाय ती कुणाला दिसणार नाही. आधी दोन्ही टोकांना भोकं पाडून मग जिगसॉ चालवा, नाहीतर कोपऱ्यातून चीर जाते. कापलेल्या कडेला पॉलिशचा हात द्या, नाहीतर दमट हवेत तेवढंच लाकूड फुगतं.

मागचा हार्डबोर्ड फेकू नका. तो शोभेचा नव्हता. व्हॉल्व्ह भयंकर तापायचे, त्यांच्यासाठी ती भोकं आहेत. त्याच मापाचा दुसरा बोर्ड कापून त्यात पंख्याचं भोक करा आणि मूळ बोर्ड गादीखाली जपून ठेवा. उद्या कुणाला तो रेडिओग्रॅम पुन्हा उभा करायचा झाला तर लागेल.

काजवा

ध्वनिशोषक फोम मिळतो, त्याने कप्पा आतून मढवला तर? आवाज बाहेरच येणार नाही.

खर्ज

काजवा, फोम शिट्टीसारख्या वरच्या आवाजाला थोडा उपयोगी पडतो. ताईंना त्रास आहे तो खालच्या सुराचा. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क म्हणजे सेकंदाला १२० फेरे, म्हणून तो 'हूं' १२० हर्ट्झच्या आसपासचा. त्या सुराची लहर २.८६ मीटर लांब असते आणि सच्छिद्र फोमने तो नीट शोषावा तर पाव लहर, म्हणजे सुमारे ७१ सेंमी जाडी हवी. कप्पा आहे ४६ चा. दोन इंची फोमने तो सूर जाणार नाही, उलट हवेची वाट मात्र अडेल.

तो सूर लाकडातून येतोय हे ताईंनी अगदी बरोबर ओळखलंय. तंबोऱ्याची तार नुसती हातात ताणून छेडा, जेमतेम ऐकू येते. भोपळ्यावर चढवली की खोली भरते. इथे डिस्क म्हणजे तार आणि सागवानी फळी म्हणजे भोपळा. दोघांची गाठ तोडली पाहिजे.

मागच्या बोर्डाबद्दल थोडं. ६ मिमीची भोकं २५ मिमी अंतराने असतील तर त्या बोर्डाचा फक्त साडेचार टक्के भाग उघडा असतो. तुमच्या मापाच्या बोर्डात जेमतेम ८३ चौ. सेंमी. १४० मिमीचा पंखा एकटाच १५० च्या आसपास जागा मागतो. शिवाय अशा जाळीला पंखा चिकटवून बसवला की पाती जवळून फिरताना सूं-सूं करतात. म्हणून पंख्यापुरतं पूर्ण गोल भोक पाडा आणि वर तारेची विरळ जाळी लावा. नव्या बोर्डात बाकीची भोकं पाडूच नका, नाहीतर पंखा शेजारच्या भोकातून हवा ओढून तीच बाहेर फेकत बसेल आणि तळाची खाच कोरडीच राहील.

एकच १४० मिमीचा पंखा, वरच्या बाजूला, हवा बाहेर टाकणारा. वेग निम्मा केला की आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने उतरतो आणि हवा मात्र निम्मीच कमी होते. मोठा पंखा हळू चालवण्यात सगळा फायदा आहे तो हा. तो फळीला स्क्रूने आवळू नका, सिलिकॉनच्या खुंट्यांवर लटकवा.

पिंपळपान

वॅटमीटर आणला. संगणक: साधा सिनेमा ६२ वॅट, ४के फाईल १०५ वॅट. फायली एचईव्हीसी १०-बिटच निघाल्या. आणि ज्याचा मी विचारच केला नव्हता तो ॲम्प्लिफायर, काहीही वाजत नसताना ४४ वॅट! म्हणजे ४के लावलं की १५० च्या घरात.

खर्ज, तुमचं पटलं. संगणकाचा मदरबोर्डच बदलायचं ठरवलं आहे. इंटेलच्या कमी वीज खाणाऱ्या एन१०० चिपचा, पंखाविरहित, मिनी-आयटीएक्स म्हणजे छोट्या मापाचा मदरबोर्ड घेते आहे. जुना संगणक पुतणीला अभ्यासाला जाईल.

डिस्क मात्र सोडता येत नाही. बाबांनी स्वतः कॅसेटवरून उतरवून घेतलेलं ध्वनिमुद्रण तिच्यावर आहे, जवळपास ३ टीबी. तेवढ्या जागेची एसएसडी सध्या परवडत नाही. आणि कपाट आवरताना एका डब्यात चार स्प्रिंगा सापडल्या, निमुळत्या, बोटाएवढ्या. बाबा म्हणाले की रेकॉर्ड चेंजर यांच्यावर तरंगायचा, चालताना जमीन हलली तरी सुई उडू नये म्हणून. यांच्यावर डिस्क ठेवली तर?

खर्ज

वा! ठेवा, पण नुसती डिस्क नको. ३.५ इंची डिस्क भरते सुमारे ७०० ग्रॅम. त्या स्प्रिंगा कितीतरी जड चेंजरसाठी घडवलेल्या आहेत. इतक्या कमी वजनाखाली त्या दबणारच नाहीत आणि मग त्यांचं असणं लाकडाच्या ठोकळ्यासारखंच. स्प्रिंग कंप अडवते ती तिच्या स्वतःच्या डोलण्याच्या गतीपेक्षा कंप बराच जलद असेल तेव्हाच. वजन वाढवलं की ते डोलणं मंदावतं. ग्रॅनाइटचा किंवा कडाप्प्याचा तीन किलोचा तुकडा घ्या, त्याखाली चार स्प्रिंगा, त्यावर रबराच्या पट्ट्या आणि मग डिस्क. बोटाने ढकलल्यावर लादी सेकंदाला चार-पाच वेळा झुलली पाहिजे. केबल ताठ ठेवू नका, सैल वळण द्या. ताठ केबल सगळा कंप थेट फळीत पोचवते. आणि डिस्क कापडात किंवा फोममध्ये गुंडाळू नका, तिला हवा लागतेच.

अजून एक. बरेच मदरबोर्ड पंख्याचा वेग प्रोसेसरच्या तापमानाला बांधतात. तुमच्या कप्प्यात खरा तापणारा ॲम्प्लिफायर आहे आणि त्याचं तापमान मदरबोर्डाला कळत नाही. पंखा एकाच संथ वेगावर कायम ठेवा. चढउतार झाला की कान तिकडे जातो, एकसारखा आवाज मागे पडतो. ॲम्प्लिफायर वर ठेवा, संगणक आणि डिस्क खाली, तळाच्या खाचेजवळ. थंड हवा आधी त्यांना मिळू दे.

तारयंत्री

सगळे हवेवर बोलत आहेत, पण झडप लावल्यावर रिमोट कसा चालणार? इन्फ्रारेड लाकडातून जात नाही. पुढे काही कापायचं नाही म्हणता, पण रेडिओच्या नॉबच्या दांड्यांची भोकं पुढच्या पट्टीत असतीलच. दांड्या साधारण ६ मिमीच्या असतात, भोकं त्यांहून जरा मोठी. त्यातल्या एकामागे यूएसबी रिसीव्हरचा डोळा बसवा आणि दुसऱ्यामागे ॲम्प्लिफायरसाठी इन्फ्रारेड रिपीटरचा (रिमोटचा इशारा आत पोचवणाऱ्या यंत्राचा). एचडीएमआय-सीईसीवर (टीव्हीच्या रिमोटने जोडलेलं यंत्र चालवायची सोय) विसंबू नका, बहुतेक संगणकांच्या एचडीएमआयला ते जोडलेलंच नसतं. कोडी (सिनेमे चालवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर सेटिंगमध्ये पडद्याचा रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने दिसतं तो आकडा) व्हिडिओप्रमाणे बदलण्याचा पर्याय चालू करा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो, पडदा ६० वर राहिला की कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळतं.

पिंपळपान

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. सुट्टीच्या दिवसांतच काम व्हायचं.

खाच रंधा यांनी सांगितली तशीच काढली. टोकांना आधी भोकं पाडली, तरी एका ठिकाणी वेनीरचा (वरच्या पातळ लाकडी थराचा) छोटा पापुद्रा उडाला. तो खालच्या बाजूला आहे, चिकटवून टाकला. मागे नवा बोर्ड, वरच्या उजव्या कोपऱ्यात पंखा, मिनिटाला ४८० फेऱ्यांवर कायमचा. भिंतीपासून कॅबिनेट ८ सेंमी पुढे ओढलं. आधी ते भिंतीला टेकलेलं होतं, आणि तसंच राहिलं असतं तर बाकी सगळं वाया गेलं असतं.

आता आकडे. संगणक ४के चालवताना १४ वॅट, डिस्क ७, ॲम्प्लिफायर तेच ४४. खोली २८ अंशांवर असताना झडप लावून तीन तासांचा सिनेमा पूर्ण चालवला. पंख्यातून बाहेर पडणारी हवा ३५, प्रोसेसर ५४, डिस्क ३९. पहिल्या दिवशी सिनेमाभर दर पंधरा मिनिटांनी मी थर्मामीटर धरून मागे बसत होते. आता बघत नाही.

स्प्रिंगांनी मात्र मला दोन संध्याकाळ बसवलं. पहिली लादी हलकी होती, दीड किलोची, आणि 'हूं' जेमतेम कमी झालं. साडेतीन किलोची ठेवल्यावर लादी डुलायला लागली आणि फळीवर कान टेकवला तरी डिस्क ऐकू येईना. मग केबल नीट करताना ती चुकून ताणून बांधली गेली आणि सूर परत आला! खर्ज यांचं वाक्य आठवलं, केबल सैल केली, गेला.

डोळे नॉबच्या भोकांमागे बसले, बाहेरून काही कळत नाही. रिफ्रेश रेटबद्दल तारयंत्री यांचे वेगळे आभार, ते अडखळणं मी टीव्हीचा दोष समजत होते.

एक उरलंय. बाकी सगळं शांत झाल्यामुळे आता ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरची बारीक गुणगुण फळीजवळ ऐकू येते. त्याच्या पायांखाली बूच कापून ठेवणार आहे, जमलं तर इथेच कळवीन. बाबांना ती खुर्चीवरून ऐकू येत नाही. पूर्वी ते ॲम्प्लिफायरचा आवाज ४६ वर ठेवून बसायचे. काल रात्री सिनेमा संपल्यावर बंद करायला गेले तेव्हा आकडा ३७ होता, आणि दोन तासांत रिमोट त्यांनी एकदाही हातात घेतला नव्हता.