दुपट्याचा समलंब चौकोन झालाय. उसवू की बॉर्डर घालू?

टूलरूमकाका
नमस्कार मंडळी. पिंपरीला टूलरूममध्ये ३४ वर्षं काढून गेल्या वर्षी घरी बसलो. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, पुढच्या महिन्यातली तारीख आहे. हिचं म्हणणं, बाळ यायच्या आत घरात नवीन काही आणायचं नाही. म्हटलं, आणतोय कुठं, करतोय! तर व्हिडिओ बघून क्रोशाचं दुपटं करायला घेतलं.

तुळशीबागेतून मऊ अ‍ॅक्रिलिक लोकर आणली, पिस्ता रंग, सहा गुंडे. सुई ४ मिलिमीटरची (व्हर्नियरला ३.९५ भरली, चालतंय). सगळे साधे खांब (क्रोशाचे उंच, उभे टाके), ओळीला १२०. काल ३१ ओळी झाल्या म्हणून टेप लावली. खाली ७५ सेंटिमीटर, वर ६४! दोन्ही बाजू सारख्या आत गेल्यात, मुद्दाम टेपर काढल्यासारख्या. वरच्या ओळीत खांब मोजले तर १०३. हात सैल-घट्ट होत नाहीये, ते तपासलंय. मग १७ खांब गेले कुठं?

ही म्हणते, कडेनं रुंद बॉर्डर घाला, कोणाला कळतंय. माझ्या हाताखालच्या पोरानं असा जॉब आणला असता तर मी रिजेक्टच्या पेटीत टाकला असता. आणि शेवटी इस्त्री मारून सरळ होतं का हे?

खांबावर_खांब
काका, खांब हरवले नाहीत, तुम्ही १७ वेळा त्यांना ओलांडून गेलात.

ओळ संपल्यावर वळताना तीन साखळ्या घालता ना? त्या तीन साखळ्या हाच नव्या ओळीचा पहिला खांब. पुढच्या ओळीत परत त्या टोकाला आलात की शेवटचा खांब त्यातल्या तिसऱ्या साखळीच्या डोक्यात घालायचा. पण ती बिचारी खऱ्या खांबापेक्षा बारीक, कडेला अंग चोरून बसते, आणि आपल्याला वाटतं ओळ झाली. एकदा विसरलात की एक खांब कमी. दर ओळीला काम उलटतं, त्यामुळे एकदा या टोकाचा जातो, एकदा त्या टोकाचा. म्हणून तुमचा टेपर दोन्हीकडून.

काकूंना सांगा, बॉर्डरनं हे झाकत नाही. कड तिरकी असली की बॉर्डरही तिच्या मागोमाग तिरकी जाते. उसवाच. पण सगळं नको. खालून एकेक ओळ मोजत वर या, १२० भरतात तिथवरचं ठेवा, त्याच्या वरचं उसवा. उसवलेली लोकर तशीच परत वापरता येते. कमी पडून नवा गुंडा आणलात तर लेबलवरचा लॉट नंबर जुळवा, नाहीतर एकाच दुपट्यात दोन पिस्ते दिसतील. (माझ्या भाचीच्या दुपट्यात दिसतात. भाची आता कॉलेजात आहे, अजून ऐकवते.)

परत सुरू कराल तेव्हा वळल्यावर त्या तिसऱ्या साखळीत सेफ्टी पिन अडकवा. पिनेत खांब घातल्याशिवाय ओळ संपली म्हणायचं नाही.

अर्धी_ओळ
व्हिडिओ कुठल्या देशातला आहे तेही बघा हो. अमेरिकन ज्याला डबल क्रोशे म्हणतात त्याला ब्रिटिश ट्रेबल म्हणतात. ब्रिटिशांचं डबल म्हणजे आपला मुका खांब, साध्या खांबापेक्षा आखूड टाका. मी एकदा अर्धं टोपडं एका देशाचं आणि अर्धं दुसऱ्याचं केलं होतं.

टूलरूमकाका
म्हणजे व्हिटवर्थचा (जुन्या ब्रिटिश इंची आट्यांचा) बोल्ट आणि मेट्रिकचा नट! दोन आटे बसतात, मग अडकतो. माझा व्हिडिओ अमेरिकन आहे, तपासलं. सातव्या ओळीपर्यंत १२० आहेत. आठवीत ११९. उसवतोय.

खांबावर_खांब
शाब्बास. आता इस्त्रीचं. अ‍ॅक्रिलिकला गरम इस्त्री टेकवू नका. धागा वितळल्यासारखा होतो, चकाकतो, लुळा पडतो, आणि मग तो परत उभा राहत नाही. वाफेची इस्त्री असेल तर बोटभर वर धरून नुसती वाफ द्या, तीही आधी एखाद्या तुकड्यावर.

बॉर्डरला उभ्या कडेवर खांबाच्या प्रत्येक ओळीमागे दोन मुके खांब, कोपऱ्यात एकाच जागी तीन. जास्त झाले तर झालर येते, कमी पडले तर कड ओढून दुपट्याची वाटी होते. लोकरीची टोकं गाठ मारून कापू नका. वीतभर ठेवा, जाड सुईनं खांबांच्या पोटातून एकदा जा, मग उलट फिरून परत या.

रात्रपाळी_सिस्टर
बाळंतिणींच्या वॉर्डात काम करते म्हणून तोंड घालते. गोंडे, झालर, मणी काही लावू नका, ते पहिलं तोंडात जातं. मोठ्या भोकांची जाळी नको, बोटं अडकतात. तुमचे साधे खांब उत्तम. बारशाला कुंचीवरून गुंडाळा, मांडीवर घ्या, हौस करा. पण झोपलेल्या बाळाच्या पाळण्यात पहिलं वर्षभर सुटं पांघरूण ठेवू नये, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सही हेच सांगते.

आणि काकूंना मुद्दाम सांगा, दुपटं ठेवताना डांबरगोळ्या नकोत. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांना या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनच्या वाफेनं तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढते. कुठल्या बाळात कमी आहे ते आधी माहीत नसतं. दुपटं धुवा, उन्हात वाळवा, सुती पिशवीत ठेवा.

टूलरूमकाका
सिस्टर, कपाट उघडलं. हिनं नव्या टोपड्यांत गोळ्या घालून ठेवल्याच होत्या (म्हणजे नवीन आणायचं नाही हा नियम फक्त मला). सगळं बाहेर काढून धुवायला टाकलंय.

आज रात्री पंधरावी ओळ झाली. १२० खांब, खाली ७५, वर ७५. पिना दोन आहेत, दोन्ही टोकांना एकेक. रोज काम गुंडाळून ठेवताना मोजतो. दुपटं पूर्ण झाल्यावर दोन्ही परत डबीत गेल्याशिवाय ते घडी घालणार नाही.