मदत हवी आहे: नवी कोरोला घ्यावी की जवळपास निम्म्या किमतीतली रीबिल्ट टायटलची कॅमरी? (डॅलस परिसर)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

आम्ही प्लेनोला राहतो. नवऱ्याचं ऑफिस लास कोलिनासला, तो गाडी घेऊन सकाळी सातला निघतो. मी आत्तापर्यंत घरून काम करत होते, पण आता आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला बोलावलंय. मुलगी नऊ महिन्यांची आहे, तिला डेकेअरला सोडणं-आणणं माझ्याकडे. एका गाडीवर भागत नाही, दुसरी घ्यायचीच आहे. दोन पर्याय समोर आहेत आणि दोन आठवडे घरात याशिवाय दुसरा विषय नाही.

पहिला: नवी कोरोला एलई. डीलरने २३,५०० सांगितले, त्यावर टेक्ससचा सव्वासहा टक्के टॅक्स आणि नोंदणी धरून साधारण २५,३००. सात हजार डाऊन भरले तर १८,३०० चं कर्ज. क्रेडिट युनियन (आपल्या पतपेढीसारखी संस्था) ६.४ टक्क्यांनी द्यायला तयार आहे. पाच वर्षं महिना ३५७ डॉलर, म्हणजे नुसतं व्याजच तीन हजारांच्या वर.

दुसरा: २०२१ ची कॅमरी एसई, ४६,००० मैल, १३,८०० डॉलर. नवऱ्याच्या सहकाऱ्याच्या ओळखीतला माणूस लिलावातून अपघाताच्या गाड्या उचलतो, दुरुस्त करतो, विकतो. हिचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, 'रीबिल्ट सॅल्व्हेज' आहे, म्हणजे एकदा मोडीत काढलेली आणि मग दुरुस्त केलेली गाडी. हे त्याने आपणहून सांगितलं, लपवलं नाही. "पुढून थोडी लागली होती, बंपर आणि फेंडर बदललं," असं म्हणाला. चालवून पाहिली. मऊ चालते, आवाज नाही, रंगही छान. अशाच क्लीन टायटलच्या, म्हणजे कागदावर असा शिक्का नसलेल्या, गाडीला वीस हजार मागतायत.

आमच्याकडे एकूण सोळा हजार साठलेत. कॅमरी घेतली तर टॅक्स धरून जवळजवळ सगळे संपतात, पण डोक्यावर हप्ता नाही. नवरा म्हणतो, गाडी म्हणजे चार चाकं आणि इंजिन, उगाच बँकेला व्याज कशाला भरायचं? त्याचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

मग अडतंय कुठे, ते सांगते. माझं माहेर सांगलीचं, गावभागातलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा बाबांची वॅगन आर चार दिवस पाण्याखाली होती. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, पंचाहत्तर टक्क्यांवर गेला म्हणून कंपनीने टोटल लॉस धरली, पैसे दिले आणि भंगारवाला गाडी घेऊन गेला. डिसेंबरात बाबांना तीच गाडी, तोच नंबर मिरजेत दिसली. नवी सीट कव्हरं, आत एक बाई आणि दोन लहान मुलं. घरी आल्यावर बाबा बराच वेळ गप्प बसले. मग मला फोनवर म्हणाले, "त्यांना कुणी सांगितलं असेल का गं?"

इथे निदान कागदावर लिहिलेलं असतं. पण दुरुस्ती कशी केली हे कागद सांगत नाही ना? कुणी अशी गाडी वापरली आहे का? काय तपासावं?

---

रानवारा

मी वापरली आहे. न्यू जर्सीत सहा वर्षं, रीबिल्ट टायटलची सिव्हिक. गारपिटीत टपावर आणि बॉनेटवर खड्डे पडले होते, विमा कंपनीने हिशेब करून टोटल केली. यंत्राला धक्काही नव्हता. एक लाख दहा हजार मैल चालवली, ब्रेक-टायर-बॅटरीपलीकडे काही खर्च नाही. तेव्हा सॅल्व्हेज म्हणजे वाईटच असं नाही. गाडी कशामुळे टोटल झाली यावर सगळं आहे. गारपीट किंवा चोरीला जाऊन परत मिळालेली असेल तर विचार करा. पाण्यातली असेल तर फुकट दिली तरी नको. सांगलीच्या माणसाला मी काय सांगणार.

दोन त्रास मात्र झाले. विमा देताना एका कंपनीने फक्त लायबिलिटी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरता विमा, देऊ म्हटलं. दुसरीने पूर्ण विमा दिला, पण गाडी गेली तर भरपाई क्लीन टायटलच्या किमतीने मिळणार नाही हे आधीच स्पष्ट केलं. आणि विकताना तीन महिने गिऱ्हाईक मिळालं नाही. कर्ज काढून घेणाऱ्याला बहुतेक बँका उभंच करत नाहीत, म्हणजे रोख पैसेवालाच शोधावा लागतो.

---

पानाडबा

कृष्णाकाठ ताई, मी मिशिगनमध्ये बॉडी शॉपमध्ये अकरा वर्षं एस्टिमेटर आहे, म्हणजे दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज काढतो, रोज हेच बघतो. जरा सविस्तर लिहितो.

टोटल लॉसची रेषा प्रत्येक राज्यात वेगळी. न्यू यॉर्कमध्ये नुकसान किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेलं की सॅल्व्हेज. टेक्ससमध्ये ती रेषा १०० टक्के आहे. हे नीट लक्षात घ्या. गाडी टेक्ससमध्येच टोटल झाली असेल, तर दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या तेव्हाच्या पूर्ण किमतीपेक्षा वर गेला असण्याची शक्यता मोठी. बंपर आणि फेंडरचा खर्च तिथपर्यंत जातच नाही. "थोडी लागली होती" हे मला पटत नाही.

दुसरं, टेक्ससमध्ये रीबिल्ट टायटलसाठी व्हीटीआर-६१ नावाचा फॉर्म असतो. कोणते भाग बदलले आणि ते कुठून आणले हे दुरुस्ती करणारा स्वतः लिहून देतो. त्याची प्रत मागा. वेल्डिंग कसं केलंय हे सरकारी माणूस येऊन बघत नाही. १ जानेवारी २०२५ पासून तर खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणीही तिथे बंद झाली. तुमच्या कौंटीत धुराची चाचणी तेवढी उरली.

आता मूळ काळजी, एअरबॅग. समोरून इतकी जोरात धडकलेली गाडी असेल तर त्या उघडल्या असणार. नव्या खऱ्या बॅगेला शेकड्यांत, कधी हजार डॉलरपर्यंत पैसे लागतात, आणि तिथेच लोक हात मारतात. जुलै २०२४ मध्ये एनएचटीएसएने (इथली वाहनसुरक्षेची सरकारी संस्था) इशारा दिला होता: आधीच्या अपघातानंतर बदललेल्या निकृष्ट इन्फ्लेटरमुळे, म्हणजे बॅग फुगवणाऱ्या भागामुळे, नऊ महिन्यांत तिघांचा जीव गेला आणि दोघे जन्माचे जायबंदी झाले. जिवंत राहता येईल असे अपघात होते ते. बॅग फुगण्याऐवजी धातूचे तुकडे अंगात घुसले. काही ठिकाणी तर बॅगच नसते, आत नुसता रेझिस्टर लावून दिवा फसवलेला असतो. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर तिथूनच परत फिरा. पण लागून विझला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. रेझिस्टरने तोही विझतो.

कॅमरीत पुढच्या टोयोटाच्या चिन्हामागे रडार असतो, आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा त्यावर चालते. पुढचा भाग बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं. त्याची पावती आहे का विचारा.

आणि आजच्या आज करायचं काम: गाडीचा व्हीआयएन, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, नेटवर शोधा. लिलावात लावताना काढलेले फोटो बऱ्याचदा तसेच राहिलेले असतात. जोडीला एनएमव्हीटीआयएसचा, म्हणजे गाड्यांच्या टायटलच्या राष्ट्रीय नोंदींचा, अहवाल काढा, थोड्या डॉलरांत मिळतो. मग ओळखीच्या नाही, तुम्ही स्वतः निवडलेल्या बॉडी शॉपमध्ये गाडी उचलून तपासा. दीड-दोनशे डॉलर जातील, जाऊ देत.

---

टपालपेटी

पानाडबांनी गाडीचं सांगितलं, मी पैशाचं सांगते. तुम्ही एच-१बी वर्क व्हिसावर आहात का? असाल तर सोळाच्या सोळा हजार गाडीत घालू नका. नोकरी गेली तर नवी शोधायला, नाहीतर देश सोडायला, हातात साठ दिवस असतात. २०२३ मध्ये आमच्याकडे ती वेळ आली होती. त्या दोन महिन्यांत घरभाडं, डॉक्टर आणि तिकिटं सगळं साठवलेल्या पैशांतून गेलं. रीबिल्ट टायटलची गाडी साठ दिवसांत चांगल्या भावाने विकली जाणं कठीण, रानवारांना तीन महिने लागले बघा. हप्ता नको म्हणून रोख घ्यायची आणि रोखच संपवायची, हा सौदा मला महाग वाटतो.

तिसरा पर्यायही आहे की. क्लीन टायटलची, एकाच मालकाची २०१८-१९ ची कोरोला. कॅमरीची ऐट नाही, पण तेराचौदा हजारांच्या आसपास शोधली तर मिळते, आणि बँकही थोडं कर्ज देते.

नवीच घेतली तर एक बघून ठेवा. २०२५ ते २०२८ या वर्षांत अमेरिकेत जुळणी झालेल्या नव्या गाडीच्या कर्जावरचं व्याज ठरावीक उत्पन्नापर्यंत करातून वजा करता येतं. कोरोला सेडान बहुतेक मिसिसिपीत बनते, हॅचबॅक जपानहून येते. व्हीआयएन 'जे'ने सुरू होत असेल तर ती जपानची.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पानाडबा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला.

रात्री व्हीआयएन शोधला. अकरा फोटो मिळाले. डावा पुढचा भाग चाकापर्यंत आत गेलेला, बॉनेट दुमडलेलं, स्टिअरिंगवर पांढरी बॅग लोंबतेय. डाव्या खिडकीवरची पडद्यासारखी एअरबॅगही उघडलेली. मागच्या सीटवर बेबी सीट तशीच बांधलेली होती. तो फोटो मी पुढे बघू शकले नाही. नवऱ्याने लॅपटॉप मिटला आणि काही बोलला नाही.

सकाळी त्याने विकणाऱ्याला शांतपणे फोन केला. एअरबॅगच्या पावत्या आणि त्या फॉर्मची प्रत मागितली, आमच्या पसंतीच्या शॉपमध्ये तपासणीचे पैसे आम्ही देऊ असंही सांगितलं. तो म्हणाला, पावत्या शोधाव्या लागतील, आणि दुसरं गिऱ्हाईक उद्या रोख घेऊन येतंय, थांबता येणार नाही. कॅमरीचा विषय आम्ही तिथेच संपवला. मी त्याला मेसेज करून फोटोंची लिंक पाठवली आणि येणाऱ्या माणसाला ती दाखवा म्हणून लिहिलं. उत्तर आलेलं नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, पाठवलंस ते बरं केलंस.

टपालपेटी, हो, एच-१बीच. नऊ हजार हातात ठेवून हप्ता घ्यायला नवराही आता तयार आहे. शनिवारी रिचर्डसनला एक २०१९ ची क्लीन टायटल कोरोला बघायला जातोय, ६१,००० मैल, १४,२०० मागतायत. तपासणीची वेळ आधीच घेतली आहे. ती नाही जमली तर नवी.

नवी घेतलीच तर एक प्रश्न: डीलर गॅप इन्शुरन्सचे (गाडी टोटल झाली तर भरपाई आणि उरलेलं कर्ज यांतला फरक भरणारा विमा) नऊशे डॉलर कर्जातच जोडतोय. क्रेडिट युनियनकडे तोच तीनशेला आहे म्हणे. आमचं डाऊन सात हजार धरलं तर तो घ्यावा का?