जेलमधून सुटलेल्या आईला लेकरं लगेच द्यायची का?

तापीकाठ: अमळनेर तालुक्यातली गोष्ट आहे, गाव सांगत नाही. भाऊबंदकीत जमिनीवरून खून झाला, त्यात एका विधवा बाईचंही नाव आलं. चार वर्षं कच्ची कैद, शेवटी सेशन कोर्टातून निर्दोष. धाकटा दोन वर्षांचा होता, तो आईबरोबर आत राहिला. मोठी सात वर्षांची, ती मामाकडे. आता बाई माहेरच्याच गल्लीत खोली करून राहते आणि पोरगी मागते. मामा म्हणतो, दहावी झाल्याशिवाय नाही. पोरगी मामीला 'माय' म्हणते, आईला हाकच मारत नाही. माझ्या मते मामा बरोबर आहे. मत द्या, शिव्या नकोत.

रावेरकर: शंभर टक्के बरोबर. तापात रात्र रात्र कोण बसलं? मामी. आता पोरगी तिथून उचलायची म्हणजे तिची माय दुसऱ्यांदा हिसकावणं आहे.

अहिराणी_माणूस: माय ती मायच शे, भाऊ.

रावेरकर: असं बोलायला सोपं आहे.

धुळ्याची_वकील: निर्दोष सुटलेल्या बाईबद्दल आपण असं बोलतोय, जणू ती पॅरोलवर आलीय. 1956 च्या हिंदू पालकत्व कायद्यानुसार वडील नसतील तर आई नैसर्गिक पालक. मामा नव्हे. मात्र त्याच कायद्याचं 13 वं कलम मुलाचं हित सगळ्यांच्या वर ठेवतं, आणि अकरा वर्षांच्या मुलीला तिचं म्हणणं कोर्ट विचारतंच. म्हणजे 'माझी आहे, द्या' एवढ्यावर बाईचंही भागणार नाही.

सातपुडा: महिला कैद्यांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी होते, म्हणून जरा लांब लिहिते. सुप्रीम कोर्टाच्या 2006 च्या निकालाप्रमाणे मूल सहा वर्षांचं होईपर्यंतच आईजवळ आत राहू शकतं. त्यामुळे एकाच आईची दोन लेकरं वेगळी वाढतात. आत राहिलेल्या पोराची सगळे कीव करतात. तो दिवेलागणीआधीच खेळ सोडून घरात येऊन बसतो, कारण तिकडे संध्याकाळी बराकीला कुलूप लागायचं. ताट घ्यायला रांग नसली तरी थांबतो. पण त्याला आई माहीत असते. तिची चिडचिड, तिचं रडणं, सगळं. खरा तुटतो तो बाहेरचा. तापीकाठ, त्या पोरीला चार वर्षं काय सांगितलं होतं? माझा अंदाज, 'आई सुरतला कामाला आहे.' खानदेशात हे ठरलेलं उत्तर. मग एक दिवस शाळेत कुणीतरी खरं सांगतं, आणि पोरीच्या मनात दोन गोष्टी बसतात: आई जेलमध्ये होती, आणि आईनंच आपल्याला फसवलं. खोटं बोललेले मामा-मामी मात्र मोकळे. आपल्या राज्यातल्या कारागृहांत गळाभेट नावाचा उपक्रम होतो, जाळी-काच मध्ये न ठेवता लेकरांना आईबापाला भेटवतात. तिथे पोरगी नेली होती का?

तापीकाठ: सुरतच सांगितलं होतं. भेटीला नाही नेलं. पण मामाची बाजूही बघा. जेलच्या दारात पोरगी उभी दिसली असती तर गावानं तिला जगू दिलं नसतं.

सातपुडा: गावानं तसंही चिडवलंच ना?

रावेरकर: ताई, तुमची संस्था नंतर निघून जाते. निस्तरायचं मामीला असतं. शिवाय बाईचं पोट मजुरीवर, कापूस वेचणीवर. दोन लेकरं कशी पोसणार?

धुळ्याची_वकील: गरिबी हे मूल अडवायचं कारण होत नाही. बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना 2250 रुपये आहेत, अर्ज बालकल्याण समितीकडे जातो. आई आत होती तेव्हा मामानं केला होता का?

तापीकाठ: योजना माहीतच नव्हती. मामानं स्वतःच्या खिशातून केलं सगळं.

धुळ्याची_वकील: मग त्याचे आभार मानायलाच हवेत. आभाराची फेड म्हणून पोरगी ठेवून घ्यायची नसते.

अंजनीकाठी: तुम्ही सगळे पोरीचा ताबा मागताय. ती एकाच गल्लीत आहे, राहू द्या मामीकडे. पण संध्याकाळचं जेवण आईकडे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका तिथेच बांधा, धाकट्यालाही बरोबर घ्या. आणि 'सुरत' खोटं होतं हे मामानं स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं, आईसमोर.

रावेरकर: जेवणाचं मान्य. मामा तोंड उघडेल असं वाटत नाही.

सातपुडा: मग मामीनं सांगावं. तिच्यावर पोरीचा विश्वास आहे.