बेळगाव एका वाक्यात सांगा बघू

दुसरं_गेट
परवा पुण्यात आमच्या ऑफिसात एक नवीन पोरगी जॉइन झाली, तिनं विचारलं तुमचं बेळगाव कसं आहे हो, आणि मी पटकन बोलून गेलो की बंद रेल्वे गेटासमोर उभी राहिलेली माणसं म्हणजे आमचं गाव. ती हसली. खरं नंतर मलाच वाटलं की बरोबर बोललो बे आपण. टिळकवाडीत पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट असेच पत्ते सांगतो की आपण. गाडी बंद करायची, शेजारच्या स्कूटरवाल्याशी दोन शब्द बोलायचे, मालगाडी आली की डबे मोजायचे. आणि हे नुसतं गेटाचं नाही. 1956ला भाषावार राज्यं झाली, बेळगाव महाराष्ट्राऐवजी म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलं, तेव्हा थांबलो, 1967ला या सीमावादावर महाजन आयोगाचा अहवाल आला तेव्हा थांबलो, 2004ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला तेव्हापासून तर पुढची तारीख, पुढची तारीख. आजोबा निकालाची वाट बघत गेले, बाबा वाट बघत रिटायर झाले. माझं वाक्य एवढंच: बेळगाव म्हणजे वाट बघणारं गाव. पटत नसेल तर भांडा, खरं नुसतं आपल्या मिठाईचं नाव घेऊन, कुंदा म्हणून पळू नका.

कॅम्पातला
कुंदा.

दुसरं_गेट
आलं बघा पहिलं.

उद्यमबाग_फर्स्ट_शिफ्ट
अजिबात नाही पटलं. तू पुण्यात एसीत बसून आमच्याबद्दल हे असलं काहीतरी लिहूलालास. एकदा सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या टायमाला उद्यमबागेत ये, कोण कुणाची वाट बघतंय ते दाखवतो. फाउंड्री, कास्टिंग, हायड्रॉलिकचे पार्ट, पहिली पार्टी कोल्हापूरची असती दुसरी बेंगळूरची, आणि बिल कुठल्या राज्यात फाडायचं याच्यावर आजपर्यंत कुणी मोर्चा काढलेला नाही. हे आजचं पण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888ला इथं सायकलचं दुकान काढलं, पुढं लोखंडी नांगर केले, आणि गावात जागेची अडचण झाली तर रडत बसले नाहीत, औंध संस्थानात जाऊन 1910ला किर्लोस्करवाडी उभी केली. माझं वाक्य: बेळगाव म्हणजे हातानं काम करणारं गाव, बोलणारे सगळे बाहेर.

दुसरं_गेट
म्हणजे किर्लोस्कर गेलेच की! आपल्याकडं काय राहिलं, किर्लोस्कर रोड. त्या रोडवर गाडी लावायला जागा मिळत नाही, तिथं पण वाटच बघायची.

शहापूरची_सून
तुम्ही दोघंही बेळगाव बेळगाव करूलाय, आधी हे एक गाव आहे हे कुणी ठरवलं? मी माहेरची कॅम्पाकडची, लग्न होऊन शहापुरात आलो. (हो, मी बाई आहे आणि मी आलो गेलो असंच म्हणतो. पुण्याच्या नणंदेनं पहिल्या दिवाळीत यावरनं माझी जाम खेचली होती, तिला सांगितलं आमच्याकडं क्रियापदाला साडी नेसवत नाहीत.) तर पहिल्या वर्षी धुळवडीला माहेरी रंग खेळलो, अंघोळ केली, केस धुतले, झालं म्हटलं. चार दिवसांनी सासरी दारात दीर बादली घेऊन उभे! शहापूर सांगली संस्थानात होतं म्हणून इथं रंगपंचमी आणि तिकडं ब्रिटिशांच्या बेळगावात धुळवड. संस्थान जाऊन किती वर्षं झाली, रंगाची तारीख काही एक झालेली नाही. मधे एक रस्ता आहे फक्त. आणि खाली वडगाव-खासबागला गेलात की विणकरांचे माग. मागावर मराठी पण, कन्नड पण, आणि तेलुगू बोलणारी घरं पण. सासूबाई पातळाचा भाव तिन्ही भाषेत पाडून घेतात. वाट वगैरे बघायला त्यांना टाइम नाही. एका वाक्यात सांगायचं तर इथं चार-पाच गावं शेजारी-शेजारी राहतात आणि वर्षातनं एकदा शिवजयंतीच्या चित्ररथाला रात्रभर एकत्र जागतात. ते पण वैशाखातल्या तिथीला, 19 फेब्रुवारीला नव्हे.

कॅम्पातला
क्रियापदाला साडी 😂 अक्का नमस्कार.

सुळेभावी_लोकल
मी घरी कन्नड बोलतो, सातवीपर्यंत मराठी शाळा, मग कन्नड, आता दिवसभर इंग्रजीत ईमेल. त्यामुळं माझं मराठी थोडं असं-तसं असणार, अडजस्ट करा. गेटवाल्या दादांना एकच विचारतो, ही वाट तुम्ही बघताय, सगळं गाव बघतंय असं का लिहिता? आमच्या घरात ‘निकाल’ म्हटलं की दहावीचा निकाल. आमच्या सुळेभावीत 8 एप्रिल 1924ला शिवपुत्र कोमकळीमठ जन्मला, घरात कन्नड, त्याला तुम्ही कुमार गंधर्व म्हणून डोक्यावर घेतलात, आणि तो गायला मराठी भजन पण आणि कबीर पण. त्याला कुठल्या राज्याचा म्हणणार? गणपत गल्लीतली भाजीवाली आज्जी तोंड बघून भाषा ठरवते, ‘काय पायजे’ की ‘एन बेकरी’, आणि आजपर्यंत चुकलेली बघितली नाही. माझ्यासोबत मात्र दोन्ही वापरते, भाव एका भाषेत आणि शिव्या दुसऱ्या.
हां, वाट बघण्याबद्दल एक मान्य करतो. सुवर्ण विधानसौध. 2012ला राष्ट्रपती येऊन उद्घाटन करून गेले, एवढी मोठी बिल्डिंग, हिवाळ्यातलं अधिवेशन संपलं की बाकी वर्षभर ती बिचारी हायवेला तोंड करून उभी असते, कोण येईल म्हणून. ती खरी तुमच्या पार्टीची.

सतरा_जानेवारी
वाचून हसायला येत नाही हे सांगतो. वाट बघणं तुम्हाला गंमत वाटते. 17 जानेवारी 1956ला सीमालढ्यात पोलिसांच्या गोळीबारात जे गेले ते गेटाला उभे नव्हते. आणि त्याच्याही आधी, 1946ला साहित्य संमेलन इथंच भरलं होतं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच मांडवात झाला, म्हणजे मागणी मुंबई-पुण्यानं आम्हाला शिकवलेली नाही. गेल्या महिन्यात आईच्या शेताचा उतारा काढायला गेलो, कागद कन्नडात, साहेब म्हणाले वाचता येत नाही तर शिकून या. आई बहात्तरची आहे. बाहेर एका पोराला वीस रुपये देऊन वाचून घेतला, त्यात आईचंच नाव चुकीचं. आता दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड पाहिजे असा कायदा 2024ला झाला, ठीक आहे, लावू पाटी, खरं आईच्या कागदाचं काय? सुळेभावीवाल्यांशी माझं वैर नाही, भाजीवाल्या आज्जीशी तर नाहीच. खरं ‘सगळं गोड आहे, दोन भाषा हसून-खेळून राहतात’ हे वाक्य ज्याचा कागद त्याच्या भाषेत आहे त्याला सोपं जातं. माझं वाक्य: बेळगाव म्हणजे स्वतःच्या घरात भाषांतर मागणारं गाव.

सुळेभावी_लोकल
साहेब तसं बोलले ते चूकच. त्यावर भांडण नाही. उताऱ्याचा फोटो टाकू नका इथं, मला पर्सनल मेसेज करा, नाव दुरुस्तीचा अर्ज मी लिहून देतो.

वॉर्डातला_पोरगा
सतरा_जानेवारी काका, राग मानू नका खरं 2021च्या महापालिकेत 58 पैकी 35 भाजपला गेल्या, महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्या एकीकरण समितीच्या हातात किती राहिल्या? मतं देणारे मराठीच होते की. आमच्या गल्लीत भगवा पण फडकतोय आणि मत पण राष्ट्रीय पक्षाला. मग एका वाक्यात काय सांगायचं, 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापना दिवशी, काळा दिवस पाळायचा आणि दुसऱ्या दिवशी नगरसेवकाकडं गटार साफ करा म्हणून जायचं?

सतरा_जानेवारी
गटार साफ झालंच पाहिजे. त्यासाठी मत विकलं असं नाही, आमच्यात फूट पडली हे खरं कारण. दोन-दोन गट, दोन-दोन उमेदवार. हे मी मान्य करतो, मला त्याची लाज पण वाटते. मागणी मात्र फुटलेली नाही.

खानापूरकर
तुमचं चालू दे. महाजननी महाराष्ट्राला द्या म्हणून जी 264 गावं सांगितली त्यात आमचं खानापूर होतं, नंदगड होतं, तिकडं निपाणी होतं. बेळगाव शहर नव्हतंच. म्हणजे ज्यांना द्या म्हटलेलं ते गप्प आणि ज्यांना देऊ नका म्हटलेलं ते गेटावर. आमच्याकडं पावसात जांबोटीच्या पुढं लाइट चार-चार दिवस येत नाही, आम्ही आधी लाइटची वाट बघतो.

पेन्शनर_हिंदवाडी
तरुण मंडळींनी छान लिहिले आहे. आम्ही 40 वर्षांपूर्वी बदलीवर आलो आणि हवेसाठी राहिलो, इतकेच. घरात पंखा नव्हता. आता तीन आहेत. गांधीजींनी काँग्रेसचे अध्यक्षपद आयुष्यात एकदाच घेतले ते 1924ला इथे, त्या अधिवेशनासाठी खणलेली विहीर मी रोज फिरायला जाताना बघतो. लोक तिला वळसा घालून भेळ खायला जातात. वाक्य सुचले तर कळवतो.

उद्यमबाग_फर्स्ट_शिफ्ट
काका 😀
गेटवाल्या, एक राहिलंच. शेवटचा गावाला कधी आलास? तिसऱ्या गेटाला पूल झाला, वरनं सुसाट जातो आम्ही. खड्डे सोड.

दुसरं_गेट
दिवाळीत आलेलो. पुलाचं माहीत आहे, खरं सवयीनं गाडी दुसऱ्या गेटाकडंच वळली.

उद्यमबाग_फर्स्ट_शिफ्ट
मग?

दुसरं_गेट
बंद.

शहापूरची_सून
किती डबे?

दुसरं_गेट
चाळीसपर्यंत मोजले, मधेच आईचा फोन आला, कुठं पोचलास म्हणून.