मदत हवी आहे: एमपीडीएखाली स्थानबद्ध भावाला उपचारासाठी तात्पुरतं सोडतात का?

नमस्कार मंडळी,

आम्ही सोलापूरचे, पूर्व भागातले. धाकट्या भावावर एमपीडीएची (खटल्याशिवाय स्थानबद्ध करता येणाऱ्या राज्याच्या कायद्याची) कारवाई झाली असून तो परजिल्ह्यातल्या कारागृहात स्थानबद्ध आहे. त्याच्यावरच्या गुन्ह्यांचं कोर्ट बघेल, त्यावर इथे वाद नको. मला त्याच्या जिवाची काळजी आहे.

लहानपणी त्याला सांधे धरून ताप यायचा, त्यातून हृदयाची झडप खराब झाली. पुढे ऑपरेशन करून धातूची बसवली. तेव्हापासून रोज वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, आणि ठरावीक दिवसांनी आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी. डॉक्टरांनी फाइलवर लाल पेनाने लिहून दिलंय, २.५ ते ३.५. खाली गेला तर झडपेवर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव. मेथी-पालक जास्त झाला तरी आकडा हलतो, म्हणून आई त्याच्या ताटात पालेभाजी मोजून वाढायची. परवा मुलाखतीला गेलो तर दोन वाक्यं बोलून दम घेत होता. ताजा रिपोर्ट १.४ आहे. सर्जन म्हणतात, झडपेची तपासणी लगेच करा, गुठळी निघाली तर पुन्हा ऑपरेशन.

वकील म्हणतात यात जामीन नसतो, त्यापुढे काही सांगत नाहीत. मग अर्ज करायचा कुणाकडे, आयुक्तालयात की मंत्रालयात? आणि बाहेर काढलेले दिवस नंतर वाढवून घेतात का?

प्रतिसाद:

ताई, जामीन नसतो हे खरं. पण एमपीडीए कायद्याच्या कलम १५ प्रमाणे राज्य सरकार स्थानबद्ध माणसाला ठरावीक मुदतीसाठी सोडू शकतं, अटी घालून किंवा अटींशिवाय. अर्ज मंत्रालयात गृह विभागाकडे करा, प्रत कारागृह अधीक्षक आणि पोलीस आयुक्तांना. पोच घ्याच.

‘तब्येत बरी नाही’ असं मोघम लिहू नका. पहाऱ्यात सरकारी रुग्णालयात उपचार करू, असं उत्तर येऊ शकतं. त्यामुळे सर्जनकडून लिहून घ्या: कोणती तपासणी, किती दिवसांत, नाही झाली तर काय होईल, भरती किती दिवस. मुदतही तेवढीच मागा. १.४ चा रिपोर्ट सगळ्यात वर लावा. आणि अर्जाच्या निकालावर थांबू नका. हृदयरोगतज्ज्ञांकडे तातडीने न्या, असं वेगळं पत्र अधीक्षकांना आजच द्या.

नकार आला किंवा उत्तरच नाही, तर हायकोर्टात रिट याचिका. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत, मुंबई गाठायला नको. कोर्ट असा आदेश क्वचित देतं, पण देऊ शकतं. मूळ आदेशाला आव्हान दिलं असेल तर ते सोडू नका.

दिवसांचं म्हणाल तर, २००० साली कॉफेपोसाच्या (तस्करी रोखण्यासाठीच्या अशाच स्थानबद्धता कायद्याच्या) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने सांगितलंय की पॅरोलचे, म्हणजे अशा तात्पुरत्या सुटकेचे दिवस स्थानबद्धतेच्या मुदतीतच धरायचे, नियमांत किंवा अटींत वेगळं नसेल तर. म्हणून सुटकेच्या अटी शब्द न् शब्द वाचा. एमपीडीएची कमाल मुदत १२ महिने आहे. ठरल्या दिवशी तो हजर झालाच पाहिजे, नाहीतर त्याबद्दल वेगळी शिक्षा, २ वर्षांपर्यंत कैद.

धागाकर्ती:

दादा, खूप आभार. सर्जनना आज संध्याकाळीच भेटते. अधीक्षकांचं पत्र आत्ता लिहायला घेतलंय. कोल्हापूरला अशी रिट चालवलेले कुणी वकील माहीत असतील तर कृपया मेसेज करा, फीची तजवीज आम्ही करतो.