परांचीखाली काम करणाऱ्यांची सुरक्षितता

प्रश्न : सांगलीत विश्रामबागेजवळ आमच्या चार मजली इमारतीचे काम चालू आहे. वर गवंडी प्लास्टर करत असताना खाली बायका वाळू चाळत असतात. परवा वरून निसटलेली थापी वाळूच्या ढिगात मुठीपर्यंत रुतली. सर्वांना हेल्मेट दिलेले आहे; तेवढे पुरेसे आहे का?

प्रतिसाद १ : हेल्मेट हवेच, आणि ते आयएस २९२५ या मानकाचेच हवे, मात्र १२ मीटरवरून सुटलेली वस्तू जमिनीवर येईपर्यंत ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेग घेते, तेव्हा खांदा, मान आणि पाठ हेल्मेटने कशी वाचणार? म्हणून वस्तू खाली पडणारच नाही अशी तजवीज आधी करावी. परांचीच्या फळ्यांना कडेने उभी फळी ठोकावी, हत्यारे दोरीने बांधावीत, विटा कडेला रचू नयेत आणि खाली जाळी लावावी. चाळण तर आजच दुसरीकडे हलवावी. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट, तडा दिसत नसला तरी, पुन्हा वापरू नये.

प्रतिसाद २ : वाळूचा टिपर मागे येताना चालकाला अगदी पाठीमागचे माणूस दिसत नाही, हेही ध्यानात घ्यावे. इशारा करणारा एक माणूस चालकाला आरशात दिसेल असा बाजूला उभा करावा, आणि तो दिसेनासा होताच चालकाने गाडी थांबवावी.

प्रश्नकर्ता : चाळण आजच कुंपणाकडे हलवली, जाळीसाठी मुकादमाशी उद्या सकाळी बोलतो.